बावची, फॉरेन रिटर्न

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मराठी घरात उटण्याची टंचाई कधीच नसते. टंचाई असते ती उटणं लावून घेणाऱ्यांची. एक पुडी वाणसामानाबरोबर फुकट येते, एक शाळेतली मुलं उपक्रम म्हणून गळ्यात मारून जातात, एक बचत गटाच्या ताईंकडून नाही म्हणता येत नाही म्हणून घेतली जाते. महापालिकेची निवडणूक तोंडावर असेल तर प्रभागातले सगळे इच्छुक दाराच्या कडीला आपापली पुडी अडकवून जातात. या शेवटच्या पुडीवर घटक बारीक अक्षरात आणि भाऊंचा चेहरा मोठा असतो. चेहऱ्याला लावायच्या वस्तूवर चेहरा छापायची कल्पना तशी बड्या सौंदर्यप्रसाधन कंपन्यांचीच. फरक एवढाच, की त्यांच्या पाकिटावरचा चेहरा माल वापरून झाल्यानंतरचा वाटतो.

नरक चतुर्दशीला पहाटे चमचाभर उटणं तेलात कालवलं जातं, कुडकुडत्या मुलांच्या पाठीवर खरखरीत हातानं चोळलं जातं, आणि पाच मिनिटांत बाथरूमच्या जाळीवर त्याचा चिखल साचतो. उरलेल्या पुड्या शाम्पूच्या बाटलीमागे पुढच्या दिवाळीची वाट बघतात. वर्षभर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

वास्तविक त्या पुडीत मंडळी मोठी असतात. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल, गुलाबपाकळी, मुलतानी माती, मसुरीचं पीठ. घरोघरी पाठ वेगळा. पण जुन्या पद्धतीनं उटणं करणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव हमखास सापडतं, ते म्हणजे बावची. काळपट, चपटं, मुगाहून लहान बी. काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा, बेहडा, वेखंड यांच्या डब्यांमध्ये बावचीचाही डबा असतो आणि मागितली तर दुकानदार कागदाच्या पुडीत बांधून देतो.

आता त्याच घरातल्या बेडरूमच्या कपाटात डोकवावं. तिथे तपकिरी काचेची, ड्रॉपर लावलेली ३० मिलीलिटरची बाटली उभी असते आणि तिच्यावर ‘बाकुचिओल’ असं लिहिलेलं असतं. ही बाटली सूनबाईंनी विमानतळावर घेतलेली असते किंवा ऑनलाइन सेलमध्ये तीन दिवस पाळत ठेवून पटकावलेली असते. सासूबाई चष्मा वर करून वास घेतात आणि विचारतात, “अगं, ही आपल्या उटण्यातली बावचीच का?” यावर सूनबाई म्हणतात, “आई, हे रेटिनॉलला प्लांट-बेस्ड अल्टरनेटिव्ह आहे.” दोघीही बरोबर असतात. बाजार चालतो तो या दोघींच्या मधल्या जागेत.

पिकतं तिथे विकत नाही, हे तर झालंच. पण बावचीच्या बाबतीत गंमत पुढची आहे. तिच्यातला हा बाकुचिओल नावाचा रेणू पहिल्यांदा वेगळा काढून त्याची ओळख पटवली ती पॅरिसमध्ये नाही, सोलमध्ये नाही, तर पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे पुणेकरांची ‘एनसीएल’, पाषाणच्या रस्त्यावरची. सुख देव, गोवर्धन मेहता आणि यू. आर. नायक या तिघांनी १९६६ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि बावचीच्या ‘बाकुची’ या संस्कृत नावावरूनच रेणूचं नाव ठेवलं. त्यानंतर चाळीस वर्षं बाकुचिओल रसायनशास्त्राच्या ग्रंथालयात शांत बसून होतं. २००७ च्या सुमारास ते त्वचेला लावायच्या उत्पादनांत व्यापारी स्वरूपात उतरलं, मग त्याला ड्रॉपर मिळाला, मग मॅट फिनिशची बाटली, आणि आता ते कोथरूडात कुरिअरनं येतं. पाषाणहून कोथरूड म्हणजे रिक्षानं फार तर वीस-पंचवीस मिनिटं, तेही चांदणी चौकात अडकलं नाही तर. बावचीनं जरा लांबचा रस्ता घेतला एवढंच.

बाकुचिओलच्या एखाद्या रीलमध्ये मागे तानपुरा वाजतो, ‘पाच हजार वर्षांचं ज्ञान’ अशी अक्षरं सोनेरी होत जातात, आणि पितळी खलबत्त्यात काहीतरी कुटलं जातं. त्या पाच हजार वर्षांत १९६६ हे साल कुठेच नसतं. पूर्वजांचा अभिमान बाळगायला आपल्याला आवडतं, पण ते पूर्वज धोतर नेसलेले असावे लागतात. पांढरा कोट घालून, काचेच्या नळीसमोर उभं राहून, सरकारी पगारावर बियांचा अर्क काढणारे पूर्वज अभिमानाच्या यादीत बसत नाहीत. त्यांच्या फोटोला सोनेरी अक्षरं शोभत नाहीत, हीच अडचण असावी.

बाकुचिओलची परीक्षाही झालेली आहे. ब्रिटनच्या त्वचाविज्ञानाच्या नामांकित नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका चाचणीत ४४ जणांना १२ आठवडे क्रीम लावायला दिलं होतं. काहींना ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा, काहींना ०.५ टक्के रेटिनॉल दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि काळे डाग दोन्ही गटांत कमी झाले, दोघांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. उलट रेटिनॉलवाल्यांना सालं निघणं आणि चुरचुरणं जास्त झालं. ४४ माणसं म्हणजे मराठी साखरपुड्यालाही कमीच. तेव्हा लगेच पेढे वाटायचं कारण नाही. पण ‘आजी सांगायची’ यापेक्षा हा पुरावा नक्कीच वजनदार आहे, कारण आजीनं दुसऱ्या नातीला रेटिनॉल लावून तुलना केलेली नसते.

इथे काटकसरी मंडळींचे डोळे चमकतात. बाटली हजारांत आणि बावचीची पुडी काही रुपयांत, मग घरीच का कुटू नये? यासाठी बावचीचा दुसरा स्वभाव माहीत हवा. तिच्यात बाकुचिओलच्या जोडीनं सोरालेन नावाची द्रव्यं असतात आणि ती उन्हाशी संधान बांधून असतात. सोरालेन लागलेल्या त्वचेवर अतिनील किरण पडले की कातडी लाल होते, फोड येतात, आणि मागे महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग राहतात. आयुर्वेदात बावची मुख्यतः ओळखली गेली ती कोडावरचं औषध म्हणून. लेप आणि ऊन अशी ती जोडी होती. आजही त्वचारोगतज्ज्ञ सोरालेन आणि नियंत्रित अतिनील किरण यांचा उपचार करतात, पण तो मशिनमध्ये, सेकंद मोजून. चांगल्या कंपन्या बाकुचिओल शुद्ध करताना सोरालेन काढून टाकतात आणि ग्राहक पैसे मोजतो ते काही अंशी या काढून टाकण्याचेही. घरच्या खलबत्त्याला अजून ही कला साधलेली नाही. बावची वाटून चेहऱ्याला लावून भर दुपारी दुचाकीवरून लक्ष्मी रोड गाठणाऱ्या काकूंना डाग घालवायचे असतात. ते जात नाहीत, उलट सोबतीला आणखी येतात.

मग उटण्यात बावची कशी चालते? एक तर ती चिमूटभर, दुसरं म्हणजे ती पाच मिनिटांत धुतली जाते, आणि तिसरं म्हणजे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करायचं असतं. हे वाचून कोणीतरी आता ‘बघा, पूर्वजांना अतिनील किरण ठाऊक होते’ असा संदेश टाइप करायला घेतला असेल. पूर्वजांना नरकाची भीती होती, एवढं खात्रीनं सांगता येतं.

लिंबाचीही हीच खोडी. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत बावचीच्या सोरालेनची भावंडं असतात. शिवाय रस आंबट म्हणजे किती, तर त्याचा सामू दोनच्या आसपास आणि निरोगी त्वचेचा साधारण पाच. घरगुती उपायांच्या पुस्तिकांमध्ये मात्र लिंबू प्रत्येक पानावर पिळलेलं असतं: मुरूम असो, कोपर काळे असोत, लग्न जमत नसो. कोरफडीचं त्या मानानं बरं चाललंय. तिचा गर गार, सौम्य, आणि गॅलरीत फुकट. पण कापल्या कापल्या पानातून जो पिवळा चीक येतो तो गर नव्हे. तो सुकवला की काळा बोळ होतो आणि काळा बोळ हे जुलाबाचं औषध आहे. म्हणून जाणत्या बायका पान कापून वाटीत उभं करून ठेवतात, चीक निथळू देतात आणि मगच साल सोलतात. रीलमधली ताई पान कापते आणि थेट गालावर फिरवते, कारण तिच्याकडे ३० सेकंदच असतात.

हळदीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये हळदीनं जखम भरून येण्याच्या वापरावर पेटंट मिळालं. अर्जावरचे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे होते, म्हणजे त्यांच्याही घरी गुडघा फुटल्यावर कोणीतरी हळद दाबली असणारच. त्याच वर्षी भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, आणि त्याआधी पुण्याच्या त्याच एनसीएलचे संचालक. परिषदेनं पेटंटला आव्हान दिलं. पण ‘आमची आजी लावायची’ हे अमेरिकी पेटंट कार्यालयात चालत नाही. तिथे छापील पुरावा लागतो. मग संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ धुंडाळले गेले आणि त्यांच्याबरोबर भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक निबंधही सादर झाला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. या लढाईला गमतीनं ‘हळदीघाटी’ म्हटलं गेलं, आणि पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं अंकीय ग्रंथालय उभं राहिलं ते याच अनुभवातून. आजीला न्याय मिळाला, पण तिच्या बाजूनं साक्ष द्यायला कारकून, ग्रंथपाल आणि भाषांतरकार लागले.

ज्या हळदीसाठी एवढं रामायण झालं ती चेहऱ्याच्या क्रीममध्ये पिवळी चालत नाही! ग्राहकाला हळदीचा गुण हवा असतो, पण उशीच्या अभ्र्यावर तिची खूण नको असते. मग रसायनतज्ज्ञ हळदीतल्या करक्युमिनवर हायड्रोजनची प्रक्रिया करून टेट्राहायड्रोकरक्युमिन बनवतात. ते पांढरट असतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला त्याच्या दोन वर्षं आधी. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा जन्म हळदीचा रंग गडद करण्यात गेला. त्यांनी ही पांढरी हळद पाहिली तर व्यापाऱ्यानं भेसळ केली असंच म्हणतील.

मूळ पिवळी हळद क्रीममध्ये घालून विकायचं धाडस मराठी माणसानंच केलं होतं. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली परळला विकोची सुरुवात केली, आणि १९७५ मध्ये हळदीचं पिवळं क्रीम बाजारात आलं. त्याची खरी परीक्षा आरशापुढे कमी आणि अबकारी खात्यापुढे जास्त झाली. प्रश्न असा होता, की हे औषध की सौंदर्यप्रसाधन? औषधाला कर कमी, प्रसाधनाला जास्त. कंपनीनं जाहिरातीत यमक जुळवून आधीच जाहीर केलं होतं की हे कॉस्मेटिक नाही, पण सरकारला यमकात दिलेलं उत्तर मान्य नसतं. वाद न्यायालयांच्या पायऱ्या चढत वर्षानुवर्षं चालला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूनं निकाल लागला. एवढ्या काळात ते क्रीम लावणाऱ्या मुली सासूबाई झाल्या. त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी ‘दोन्ही’ असं सांगून खटला निकालात काढला असता. पण मग वकिलांचं काय झालं असतं?

औषध की नटणं हा घोळ ग्रंथकारांनी मात्र घातला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट दिलेला आहे. त्यात चंदन आहे, वाळा आहे, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा आहेत. यातलं ज्येष्ठमध आज जगभरच्या डाग कमी करणाऱ्या सीरममध्ये आहे, कारण त्यातलं ग्लॅब्रिडिन रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला अटकाव करतं. कुंकुमादी तेलाचं नशीब तर फळफळलंच. लग्नाच्या मोसमात ते नवरीच्या बॅगेत असतंच असतं. बाटलीवर केशराचे तंतू, मागे सोनेरी उजेड. मूळ पाठात केशराबरोबर तिळाचं तेल, लाख आणि शेळीचं दूधही असतं. या तेलाला शेकडो वर्षं दूध पुरवूनही शेळीचा फोटो एकाही बाटलीवर दिसत नाही.

बाटलीवर कोणाचा फोटो आहे यावर जाऊच नये. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचावी. ही यादी लग्नपत्रिकेसारखी असते: कोणाचं नाव कुठे छापलंय यावरून घरातलं खरं वजन कळतं. नियम असा, की जास्त प्रमाणात असलेला घटक आधी लिहायचा. एक टक्क्याच्या खाली गेल्यावर मात्र कोणालाही कुठेही बसवायची मुभा. त्यामुळे पहिला मान बहुतेक वेळा पाण्याचा. मग ग्लिसरीन, मग तेलं आणि मेणं. मध्ये कुठेतरी फिनॉक्सीइथेनॉल नावाचं परिरक्षक येतं, जे एक टक्क्यापेक्षा जास्त सहसा घालत नाहीत. दर्शनी भागावर आंब्याएवढी छापलेली हळद, कडुनिंब किंवा मंजिष्ठा या फिनॉक्सीइथेनॉलच्याही नंतर, सुगंधाच्या शेजारी, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिंटू-पिंकीच्या ओळीत सापडली, तर काय समजायचं ते समजावं. थोड्या मात्रेतही काम करणारे घटक असतात, हे खरं. पण ते काम करतात हे सांगायला चाचणी लागते, आणि चाचणीपेक्षा चित्र स्वस्त पडतं.

कोरियाहून येणाऱ्या ‘सिका’ क्रीमच्या काही डब्यांवर वाघाचं, काहींवर पानाचं चित्र असतं आणि आत असतो कारिवण्याचा अर्क. कारिवणा म्हणजे कोकणात पाणथळ बांधावर पसरलेली, नाण्याएवढ्या गोल पानांची ती वेल. वैद्य तिला मंडूकपर्णी म्हणतात, काही जण ब्राह्मी म्हणतात, मग खरी ब्राह्मी वेगळी असं सांगणारे तिसरे उठतात, आणि हे भांडण जुनं आहे. तिच्यातली द्रव्यं जखम भरायला मदत करतात हे आधुनिक औषधशास्त्रालाही मान्य आहे. सिंधुदुर्गातला माणूस मुलीनं मागवलेला डबा हातात घेतो, पानाचं चित्र बघतो, बांधाकडे बघतो, किमतीकडे बघतो आणि काही न बोलता गुरांना पाणी दाखवायला जातो.

या सगळ्या धामधुमीत घाई मात्र कायम आहे. पूर्वी ‘पी हळद, हो गोरी’ असं म्हणून उतावळ्यांची थट्टा व्हायची. आज जाहिरात तेच वाक्य गंभीर चेहऱ्यानं म्हणते आणि वर ‘सात दिवसांत’ जोडते. एका प्रसिद्ध क्रीमनं २०२० साली आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला आणि तिथे चमक आणली. हळदीचं म्हणाल तर तिनं असं आश्वासन कधी दिलंच नव्हतं. त्वचेचा वरचा थर पुरता बदलायला साधारण महिना लागतो. बाकुचिओलच्या चाचणीलाही १२ आठवडे थांबले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जी रांग असते तिच्यातले कित्येक जण सातव्या दिवशी आलेले असतात, आणि आतून पहिला प्रश्न येतो, “घरी काय काय लावलंत?” उत्तर ऐकताना डॉक्टरांना दुसरा कागद घ्यावा लागतो.

हळदीचा समारंभ तेवढा जोरात चालतो. पिवळा ड्रेसकोड, पिवळी झेंडूची भिंत, पिवळे गॉगल, ढोलवाले. प्रत्यक्ष हळद वाटीभर. कारण मेकअपवाल्या ताईंनी आठ दिवस आधीच बजावलेलं असतं, की नवरीच्या तोंडाला हळद लावायची नाही. चेहऱ्यावर पिवळी छटा राहिली की दुसऱ्या दिवशी फाउंडेशनचा रंग जुळत नाही. त्यामुळे नवरदेवाची उष्टी हळद वाजतगाजत येते, पाच सुवासिनी आंब्याची पानं बुडवतात, पायाला लावतात, गुडघ्याला, खांद्याला लावतात, आणि गालापाशी आल्यावर हवेतल्या हवेत पानं फिरवतात. फोटोग्राफर ‘काकू, एकदा अजून’ म्हणतो. एक आत्या न राहवून बोट टेकवतेच. तिला बाजूला घेऊन समजावलं जातं.

उरलेली वाटी मग नवरदेवाच्या मित्रांवर रिकामी होते. त्यातल्या एकाचा दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात इंटरव्ह्यू असतो. रात्री तो साबणानं तोंड घासतो. क्षार लागला की हळद लाल होते, पारंपरिक कुंकवाचं गुपित हेच. त्यामुळे साबणाचा फेस कॉलरवर उतरतो आणि कॉलर पिवळी होती ती तांबडी होते. ‘उन्हात वाळत घाल, हळदीचा डाग उन्हानं जातो,’ असं आई फोनवर सांगते, आणि ते खरंही आहे. पण रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि प्रश्न सदऱ्याचा कमी, कानांचा जास्त असतो. शेवटी तो कोपऱ्यावरचं मेडिकल गाठतो आणि चेहऱ्यावरचा पिवळेपणा घालवणारं काहीतरी द्या म्हणतो. काउंटरवरचा मुलगा त्याच्याकडे नीट न बघताच मागच्या फळीवरून सगळ्यात जास्त खपणारा हळदीचा फेसवॉश काढून देतो.